फळ्यावर राहिलेला प्रश्न

कोल्हापूर म्हटले की तालमी, गूळ, चित्रपट आणि शाहू महाराज आठवतात. गणिताचे नाव सहसा कोणी घेत नाही. पण महाराष्ट्रात गणित कसे शिकवले गेले, याचा इतिहास पाहू गेले तर त्यातले काही महत्त्वाचे धागे याच गावात येऊन मिळतात. ते धागे आपण या लेखात थोडे उलगडून पाहू.

थोरांची चरित्रे सांगणे हा यामागचा हेतू नाही. गणिताच्या शिक्षकांसाठी आज प्रशिक्षणे पुष्कळ होतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर प्रत्येक शिक्षकाला आपल्या व्यवसायातील वाढीसाठी दरवर्षी किमान ५० तास मिळावेत, असे म्हटले आहे. ५० तास ही काही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. पण त्या तासांत भरायचे काय? नोंदी कशा ठेवायच्या, तक्ते कसे करायचे, मूल्यमापनाचे रकाने कसे भरायचे, याची माहिती आपल्याला मिळते. स्वतः शिक्षकाने गणित करायचे, एखाद्या प्रश्नापुढे अडून बसायचे, असा तास मात्र क्वचितच वाट्याला येतो. कोल्हापुरात हे समजावून सांगायला नको. वस्ताद स्वतः मातीत उतरला नाही तर तालीम चालत नाही.

कागलच्या मुलाचे अंकगणित

गोपाळ कृष्ण गोखले यांना आपण राजकारणी आणि समाजसुधारक म्हणून ओळखतो. त्यांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला, पण बालपण गेले ते कागलला. पुढचे शिक्षण कोल्हापुरात झाले. १८८१ साली ते मॅट्रिक झाले आणि राजाराम कॉलेजात दाखल झाले. पुढे मुंबईहून पदवी घेऊन ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि तेथे असताना, ना. जों. बापट या सहकाऱ्याच्या साहाय्याने, त्यांनी अंकगणिताचे एक पाठ्यपुस्तक तयार केले. हे पुस्तक पुढे मॅकमिलन कंपनीने प्रसिद्ध केले आणि कित्येक पिढ्यांनी त्यातली उदाहरणे सोडवली.

त्या काळी अशा पुस्तकाची गरज मोठी होती. पंतोजींच्या शाळेत पाढे, पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ होत असत. व्यवहाराचा हिशेब त्यावर झटपट होई, पण रीत का चालते हे विचारण्याची सोय नव्हती. छापील पुस्तकाने प्रकरणे पाडली, रीती मांडून दाखवल्या आणि सोप्याकडून अवघडाकडे जाणारी उदाहरणे दिली. शिक्षकाच्या हाती एक भक्कम आधार आला.

पण आधाराची एक मोडही असते. उदाहरणसंग्रहाच्या शेवटी उत्तरे असतात. उदाहरण दिले, रीत लावली, उत्तर ताडून पाहिले, पुढचे उदाहरण. या चालीत मुलाला असे वाटू लागते की गणितातला प्रत्येक प्रश्न चार-पाच मिनिटांत सुटायलाच हवा, आणि तो सोडवण्याची रीत त्याच प्रकरणात वर कुठेतरी दिलेली असणार. आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. शिक्षकालाही तसेच वाटू लागते. दोष पुस्तकाचा नाही. पुस्तकात जे मावत नाही ते वर्गात दुसरीकडून आणावे लागते, एवढाच याचा अर्थ.

घरातला फळा

ते कोठून आणता येते याचे एक सुंदर उदाहरण कोल्हापूरच्याच एका घराण्याने दिले आहे.

विष्णू वासुदेव नारळीकर यांचा जन्म १९०८ साली कोल्हापुरात झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले, १९३० साली रँग्लर झाले आणि १९३२ साली पंडित मदनमोहन मालवीय यांच्या बोलावण्यावरून बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादावर भारतात पद्धतशीर संशोधन सुरू करणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांची गणना होते. त्यांचे मेहुणे वसंत शंकर हुजूरबाजार हेही कोल्हापूरचेच. त्यांचा जन्म १९१९ चा. केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले आणि परत आल्यावर पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राच्या अध्यापनाचा पाया घातला.

नारळीकरांचे थोरले चिरंजीव जयंत यांचा जन्मही कोल्हापुरातच, १९ जुलै १९३८ रोजी झाला. त्यांचे बालपण मात्र बनारसला गेले. तिथल्या घरात मुलांना लिहायला भिंतीवर फळे होते. याच घरात जयंतरावांचे आणखी एक मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, गणिताचे एम.एस्सी. करण्यासाठी राहायला आले. भाच्याला गणिताची गोडी आहे हे मोरूमामांच्या लक्षात आले. मग त्यांनी एक उद्योग सुरू केला. फळ्यावर ते एखादा प्रश्न लिहीत आणि वर मथळा देत: जयंत विष्णू नारळीकर यांना आव्हान! प्रश्न लिहून मामा आपल्या अभ्यासाला निघून जात. तो प्रश्न सुटेपर्यंत, किंवा भाच्याने हार मानली असे सांगेपर्यंत, फळ्यावर तसाच राही. ही हकीकत जयंतरावांनी स्वतःच आपल्या आठवणींत सांगितली आहे, आणि हार मानण्याची वेळ शक्यतो येऊ द्यायची नाही असा आपला निश्चय असे, हेही.

या हकीकतीकडे आपण शिक्षकाच्या नजरेने पाहू. मामांनी काय केले, यापेक्षा काय केले नाही ते अधिक शिकण्यासारखे आहे. त्यांनी रीत सांगितली नाही. वेळ ठरवून दिली नाही. गुण दिले नाहीत. प्रश्न कोणत्या प्रकरणातला आहे तेही सांगितले नाही. येता-जाता, जेवताना, झोपण्यापूर्वी मुलाची नजर त्या फळ्याकडे जात राहील एवढीच व्यवस्था त्यांनी केली. गणितातला विचार बहुधा अशा येता-जाताच्या वेळीच पुढे सरकतो. तासाची घंटा त्याला ठाऊक नसते.

हा फळा जयंतरावांच्या स्वभावात कायमचा राहिला असावा, असे आम्हाला वाटते. मोठेपणी शाळकरी मुले त्यांच्याभोवती स्वाक्षरीसाठी गर्दी करीत. तेव्हा ते स्वाक्षरी देण्याचे टाळत आणि म्हणत, मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही असेल. मुलांनी प्रश्न विचारले आणि त्यांनी उत्तरे धाडली. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा अशी जपून ठेवलेली कार्डे महाराष्ट्रात कितीतरी घरांत असतील.

एका विद्यार्थ्याचे पुढे काय झाले

याच बनारसच्या कथेचा दुसरा भाग शिक्षकांच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. १९४२ साली प्रल्हाद चुनीलाल वैद्य नावाचे एक तरुण गुजराती गणित-शिक्षक पत्नी व तान्ह्या मुलीसह बनारसला आले. विष्णुपंत नारळीकरांच्या हाताखाली काही महिने काम करावे, एवढीच त्यांची इच्छा होती. सुमारे दहा महिने ते राहिले. त्या अवधीत प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे जे गणित त्यांनी मांडले, ते आज जगभर ‘वैद्य मेट्रिक’ या नावाने ओळखले जाते.

एवढे नाव झाल्यावरही वैद्यसरांनी शाळेकडे पाठ फिरवली नाही. गुजरातेत परत गेल्यावर त्यांनी गुजरात गणित मंडळाच्या उभारणीत पुढाकार घेतला आणि ‘सुगणितम्’ हे गुजराती नियतकालिक सुरू केले. शिक्षकांनी एकत्र जमावे, आपल्या भाषेत गणित वाचावे, प्रश्न घालावेत, सोडवावेत, ही त्यामागची कल्पना. म्हणजे कोल्हापूरच्या एका गणितज्ञाने बनारसला पेटवलेला दिवा गुजरातच्या खेड्यापाड्यांतल्या शिक्षकांपर्यंत पोहोचला. संशोधन वेगळे आणि शिकवणे वेगळे ही भिंत वैद्यसरांनी मानली नाही.

गणित शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांसाठी अशी खास जागा असावी, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. ‘लीलावती’कार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि त्या मठाला निकुंभ राजवंशाने दान दिले, असे त्यात कोरले आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून बाजारात विकल्या जाणाऱ्या मालापैकी मठाला काय द्यायचे ते त्यात सांगितले आहे. आठशे वर्षांपूर्वी बाजारपेठेने गणिताच्या अभ्यासाचा खर्च उचलला होता, हे आज वाचताना नवल वाटते.

एका मुलाचा फळा आणि सर्वांचा फळा

येथे एक आक्षेप कोणीही जाणता शिक्षक घेईल, आणि तो रास्त आहे. वडील रँग्लर, आई संस्कृतची विदुषी, मामा गणिताचे विद्यार्थी, अशा घरात फळ्यावर प्रश्न लिहिणे सोपे आहे. आमच्या वर्गात चाळीस मुले आहेत. निम्म्यांच्या घरी वह्या ठेवायला जागा नाही. तिथे आव्हानाचा प्रश्न लिहिला तर दोन हुशार मुले तो सोडवतील आणि उरलेली अडतीस एवढेच शिकतील की गणित आपल्यासाठी नाही. मग काय साधले?

या प्रश्नाचे मूळही कोल्हापुरातच सापडते. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करणारा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंडाची तरतूद त्यात होती. शेतकऱ्याचे, कुंभाराचे, महार-मांगाचे मूल शाळेत येऊन बसलेच पाहिजे, असा त्याचा अर्थ. त्या दिवसापासून शिक्षकाचे काम बदलले. निवडक मुलांना शिकवणे आणि सगळ्यांना शिकवणे यांत फरक आहे. शिक्षण हक्काचा कायदा देशाने २००९ साली केला, तोही याच वाटेवरचा पुढचा टप्पा आहे.

म्हणून मोरूमामांचा फळा जसाच्या तसा उचलून वर्गात आणता येणार नाही. तो थोडा बदलावा लागेल. प्रश्न असा हवा की वर्गातल्या प्रत्येक मुलाला त्यात पहिले पाऊल टाकता यावे. आणि तरीही तो असा हवा की सर्वांत हुशार मुलालाही तो लगेच संपवता येऊ नये. असे प्रश्न मिळतात का? मिळतात. ते शोधण्यात आयुष्य घालवलेला एक माणूस महाराष्ट्रातच होऊन गेला, आणि तो शाळामास्तर होता.

देवळालीचे मास्तर

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. फर्ग्युसन कॉलेजात शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. बी.एस्सी. झाल्यावर १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे ते नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नाही, मार्गदर्शक नाही, ग्रंथालय नाही. आपली टिपणे ते बहुधा पदरमोड करून छापीत. काही गणितज्ञांनी त्यांच्या कामाला पोरखेळ म्हणून हसण्यावारीही नेले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. सगळे अंक सारखे नसावेत एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने लिहून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लिहून लहान करा, आणि वजाबाकी करा. जे येईल त्यावर पुन्हा तेच करा. कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ, १९०५:

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ वर हीच क्रिया केली तर पुन्हा ६१७४ येते. कोणत्याही संख्येला येथे पोहोचायला सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. कापरेकरांच्या जन्मवर्षाला नेमक्या सात लागल्या!

हा खेळ वर्गात कसा चालतो पाहा. वजाबाकी येणारे प्रत्येक मूल तो खेळू शकते. मध्येच एखादा हातचा चुकला, तरी पुढच्या वजाबाक्या बरोबर केल्या की उत्तर बहुधा ६१७४ कडेच वळते. आपल्याला तांबडी फुली मारावी लागत नाही. एरवी कंटाळवाण्या वाटणाऱ्या वजाबाकीच्या वीस-पंचवीस आवृत्त्या खेळता खेळता होऊन जातात. मग कोणीतरी विचारतेच, तीन अंकी संख्येचे काय? तिथे ४९५ येते. दोन अंकी? तिथे एका संख्येवर थांबणे नाही, ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे रिंगण लागते. एका अंकी उत्तरापुढे शून्य धरायचे एवढे मात्र सांगावे लागते. असे का, या प्रश्नापाशी आठवी-नववीची मुले बीजगणित घेऊन येऊ शकतात. पहिले पाऊल चौथीतले, शेवटचे नववीतले, आणि प्रश्न एकच.

फळ्याचा एक कोपरा

आता प्रत्यक्ष काय करता येईल ते थोडक्यात मांडतो.

फळ्याचा एक कोपरा आखून घ्यावा आणि तो पुसायचा नाही असे वर्गाला सांगावे. सोमवारी तिथे एक प्रश्न लिहावा. त्याला गुण नाहीत, मुदत नाही, सक्ती नाही. कोणाला काही सापडले तर ते खाली लिहावे. पूर्ण उत्तरच हवे असे नाही. ‘सम संख्यांना हे जमत नाही असे वाटते’ एवढे निरीक्षणही चालेल. सापडलेले चुकीचे निघाले तर ते दुसऱ्या मुलाने उदाहरण देऊन दाखवावे. शिक्षकाने उत्तर सांगण्याची घाई करू नये, आणि स्वतःचे निरीक्षणही इतरांसारखेच खडूने खाली लिहावे.

सुरुवातीला तीन प्रश्न सुचवतो. पहिला बाजारपेठेतला. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, तिथे गुळाचा व्यापार वाढला. त्या वेळी मणाचे शेर चाळीस. समजा व्यापाऱ्याकडे तागडी आहे आणि १ ते ४० पैकी कितीही पूर्ण शेर गूळ एका वजनात तोलून द्यायचा आहे. वजने एकाच पारड्यात ठेवायची असतील तर १, २, ४, ८, १६, ३२ अशी सहा पुरतात. पण वजने गुळाच्या पारड्यातही ठेवायला परवानगी असेल, तर फक्त चार वजनांत काम भागते. ती कोणती? फ्रान्समधील बाशे यांच्या १६१२ सालच्या पुस्तकात हे कोडे आहे. शेरांऐवजी किलो म्हटले तरी उत्तर तेच राहते.

दुसरा प्रश्न: १५ ही संख्या ७ + ८ अशी, ४ + ५ + ६ अशी आणि १ + २ + ३ + ४ + ५ अशी सलग संख्यांच्या बेरजेने लिहिता येते. कोणत्या संख्या अशा मुळीच लिहिता येत नाहीत? बेरीज येणारे मूल कामाला लागू शकते. यादी पुरेशी लांबली की उत्तर डोळ्यांसमोर उभे राहते. ते तसेच का, हे सांगणे मात्र सोपे नाही.

तिसरा प्रश्न खास शिक्षकांसाठी. कोणतीही संख्या घ्या. सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. ७ पासून निघालो तर ७, २२, ११, ३४, १७, ५२, २६, १३, ४०, २०, १०, ५, १६, ८, ४, २, १. प्रत्येक संख्या शेवटी १ वर येते का? जर्मन गणितज्ञ लोथार कोलाट्झ यांचे नाव या प्रश्नाला जोडलेले आहे. संगणकांनी प्रचंड मोठ्या संख्यांपर्यंत पडताळून पाहिले, अपवाद सापडला नाही. पण सिद्धता आजवर कोणालाही देता आलेली नाही. वर्गापुढे उभे राहून ‘याचे उत्तर मला माहीत नाही, जगात कोणालाच माहीत नाही’ असे सांगण्याची संधी शिक्षकाला क्वचित मिळते. ती दवडू नये. गणित हे कोणीतरी पूर्वीच संपवून ठेवलेले शास्त्र नाही, हे मुलांना त्या एका वाक्यातून कळते.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आम्ही येथे देत नाही. कारण उघड आहे.

राहता राहिले ते ५० तास. केंद्रातील शिक्षण परिषदेला आपण जमतोच. त्या दिवशी कामकाज सुरू होण्यापूर्वी अर्धा तास एक प्रश्न फळ्यावर लिहून सर्वांनी मिळून त्याच्याशी झटापट करायला काय हरकत आहे? त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, परिपत्रकही लागत नाही. जो शिक्षक स्वतः एखाद्या प्रश्नापाशी अडला आहे, त्याला वर्गात अडलेले मूल लवकर दिसते. पहिल्या बैठकीसाठी प्रश्न हवा असेल तर कापरेकरांच्याच वाटेवरचा घेता येईल: चार अंकी संख्या ६१७४ वर थांबतात, तीन अंकी ४९५ वर, पाच अंकी संख्यांचे काय होते?